गावजबान आणि असरौल

आमच्या घराच्या कोनाड्यात निळ्या झाकणाची एक काचेची बरणी असायची. तिच्यात खमीरा गावजबान. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत नानी रोज सकाळी उपाशीपोटी बोटभर खमीरा चाटवायची आणि म्हणायची, "दिल कू ताकत आती." पेपर गणिताचा असला तरी ताकद दिलालाच का लागते, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही. चांदीचा वर्क मिसळलेला तो गोड, चिकट घास जिभेवर विरघळायचा आणि आम्ही खुशाल परीक्षेला जायचो.

'आम्ही' म्हणतो म्हणून कुणी वेगळा अर्थ काढू नये. उर्दू शाळेत शिकवता शिकवता 'हम' तोंडात बसलं आहे, आणि मराठी लिहायला बसलो की त्याचं आपोआप 'आम्ही' होतं. शिवाय पुढे जी हकिकत सांगायची आहे तिच्यात चूक झाली ती घरातल्या सगळ्यांची. तेव्हा 'आम्ही'च बरं.

गावजबान हा फारसी शब्द. गाव म्हणजे गाय, जबान म्हणजे जीभ. अरबी किताबांत तिलाच लिसान-उस-सौर, बैलाची जीभ, म्हटलं आहे. वाळलेलं पान हातात घेतलं की नाव का पडलं ते लगेच कळतं. खरखरीत पान, त्यावर पांढरे बारीक फोड. इब्न सीनानं (९८०-१०३७) दिलाच्या औषधांवर एक वेगळी किताबच लिहिली. जुन्या हकिमांच्या लेखी दिल हे रूहचं घर. त्या घरात अंधार झाला, सौदा म्हणजे काळं पित्त वाढलं, की माणूस कारण नसताना भितो, उदास होतो, लोकांपासून पळतो. या आजाराला ते मालीखूलिया म्हणत. त्यावर जी औषधं दिल उजळतात त्यांना 'मुफर्रेह', म्हणजे फरहत देणारी, असं नाव होतं. केशर त्यातलं, गावजबान त्यातलीच. नानीला इब्न सीना ठाऊक नव्हता, पण तिचं वाक्य त्याच्याच घरातून आलं होतं.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. फार उशिरा कळलं.

२०२० च्या उन्हाळ्यात अब्बा गेले. ती साथ सोलापुरात कशी शिरली आणि आमच्या मोहल्ल्यांतून कशी फिरली, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतः पाहिलं आहे. अब्बांनी उभी हयात यंत्रमागावर काढली, टॉवेल आणि चादरी विणल्या. पण त्यांना कफन घालायला घरचं कुणी नव्हतं. कब्रस्तानात मोजकी माणसं, तीही लांब उभी. अम्मीनं त्यांचं तोंड पाहिलं नाही. पुरसा द्यायला कुणी येऊ शकलं नाही. आपल्याकडे मौत झाली की चाळीस दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, कुणी ना कुणी जेवण आणतं, रडणाऱ्याला रडू देतात आणि मध्येच हसवतातही. त्यातलं काहीच झालं नाही. मोबाईलवर चार लोकांनी 'सब्र करो' म्हटलं.

अम्मी इद्दतमध्ये बसली. चार महिने दहा दिवस. ती गप्प असायची, जेवायची नाही, आणि आम्हाला वाटायचं, इद्दतच आहे, असंच असणार. बेवा बाई उदास नसणार तर कोण असणार? खरं सांगायचं तर इद्दतमुळे आमची सोय झाली. तिच्या गप्प बसण्याला एक नाव मिळालं, एक मुदत मिळाली. ऑक्टोबरात इद्दत संपली. अम्मीनं आंघोळ केली, भावजयीनं नवी ओढणी दिली, आणि अम्मी पुन्हा त्याच खिडकीशी जाऊन बसली. मुदत संपली होती, उदासी संपली नव्हती.

आता लक्षणं सांगतो, कारण ती आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्हाला दिसली नाहीत. अम्मीच्या हातची शेंगा चटणी आमच्या नातेवाइकांत मशहूर. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. तिनं चटणी करायचं सोडलं. कुटायला कंटाळा येतो म्हणाली, मग म्हणाली चवच लागत नाही. पहाटे तीनला जागी व्हायची आणि फजरच्या अजानपर्यंत अंधारात डोळे उघडे ठेवून पडायची. नमाजला उभी राहायची पण रकात विसरायची, आणि विसरली म्हणून रडायची. धाकट्या नातवाला मांडीवर घ्यायची नाही. विचारलं तर एकच उत्तर, "जी घबराता. दिल नै लगता." कधी छातीत धडधड, कधी पाठीत मुंग्या, कधी डोकं जड. 'मी उदास आहे' असं ती एकदाही म्हणाली नाही. तिच्या भाषेत दुखणं शरीराचंच असतं. मनाचं दुखणं सांगायला तिच्याकडे दिलच होतं.

आणि आम्ही? आम्ही बी.एड. केलेलं. शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी पास. मास्लोचा पिरॅमिड आजही फळ्यावर काढून दाखवू. मुलांच्या समायोजनाच्या समस्या या विषयावर आमचं टाचण वर्गात वाचून दाखवलं होतं. पण घरातलं माणूस सहा महिने खिडकीशी बसून आहे, हे कुठल्या प्रकरणात येतं ते आम्हाला सुचलं नाही.

मोहल्ल्यानं आपापल्या परीनं इलाज सुचवले. एक खाला दम केलेलं पाणी घेऊन आल्या. कुणी म्हणालं नजर आहे, कुणी म्हणालं असर आहे. एका बाईनं तर अम्मीच्या तोंडावर सांगितलं की ईमान कमजोर झालं की असं होतं. दम केलेल्या पाण्याबद्दल आमची तक्रार नाही. खाला दोन तास बसल्या, अम्मीचे पाय दाबले, तेवढं तरी झालं. त्या ईमानवाल्या वाक्याचा मात्र आजही राग येतो. याकूब अलैहिस्सलाम बेट्याच्या दुःखानं रडून रडून डोळे गमावून बसले, असं कुरआनात आलं आहे. बीबी खदीजा आणि अबू तालिब गेले त्या सालाला आपण आमुल हुज्न, दुःखाचं साल, म्हणतो. नबींच्या घरी दुःखाला जागा होती, आणि आमच्या गल्लीत नसावी?

मग नानीची बरणी आठवली. नानी जाऊन बरीच वर्षं झाली, बरणी होती. आम्ही खमीरा आणला आणि अम्मीला सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा द्यायला लागलो. तिनं तो बिनतक्रार खाल्ला. दोन-तीन आठवड्यांनी एवढाच फरक पडला की तिची साखर, जी आधीपासून काठावर होती, ती काठ ओलांडून गेली. खमीऱ्यात गावजबान थोडी आणि साखर फार, हे डब्यावर लिहिलेलं असतं. उर्दूतच लिहिलेलं असतं.

त्यानंतर आम्ही काष्ठौषधीच्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. असली दुकानं तुमच्याही गावात असतील. आत पाऊल टाकलं की वासानंच अर्धं बरं वाटतं. बडीशेप, मुलेठी, उन्नाब, वाळ्याच्या जुड्या, आणि भिंतभर लाकडी खण. दुकानदार म्हातारे, बोलायला फार अदबीचे. त्यांनी कागदावर गावजबानची पानं आणि फुलं काढून दाखवली. अम्मीचं सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "नींद?" आम्ही म्हणालो, नाही. "बीपी?" आम्ही म्हणालो, आहे, गोळी चालू आहे. त्यांनी मान हलवली आणि एक पूड तयार करून दिली. दिवसातून दोनदा, पाण्याबरोबर. म्हणाले, झोपही येईल, बीपीही उतरेल. पुडीत काय काय आहे ते आमच्या सांगण्यावरून त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. सुंदर नस्तालीक अक्षर. गुल-ए-गावजबान, किश्नीज, तुख्म-ए-काहू, आणि सगळ्यात वर, असरौल.

ती चिठ्ठी आम्ही चारदा वाचली असेल. अक्षराचं कौतुक केलं. उर्दूचा शिक्षक चिठ्ठी वाचतो तेव्हा इमला बघतो. असरौल म्हणजे काय, हे आम्ही विचारलं नाही.

अम्मी झोपायला लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती रात्रभर झोपली आणि घरात ईद झाल्यासारखं वाटलं. भाऊ म्हणाला, "देखा? अपने बुजुर्गां की दवा." आम्हीही शाळेत सांगितलं. एका सहकारी बाईंना दुकानाचा पत्ताही दिला. नशीब, त्या गेल्या नाहीत.

दोन महिन्यांत अम्मी दिवसाही झोपायला लागली. नाक सतत चोंदलेलं. आम्ही म्हटलं, थंडी. उठून उभी राहिली की भिंत धरायची. आम्ही म्हटलं, अशक्तपणा. आधी ती निदान रडायची. आता रडणंही थांबलं. चेहऱ्यावर काहीच नसायचं. एका पहाटे आम्हाला जाग आली तर ती अंथरुणात बसलेली. दिवा लावला. ती शांतपणे म्हणाली, "उनके बदले मैं जाती तो अच्छा होता. अब भी जाना क्या मुश्किल है." त्या वाक्याचा दुसरा भाग ऐकून आमचे हातपाय गार पडले. ते वाक्य रडून म्हटलं असतं तर आम्ही समजूत घातली असती. ती बाजारात जाऊन येते म्हणावं तशा आवाजात बोलली होती.

त्या सकाळी शाळेला रजा टाकली आणि तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. केसपेपर काढला. मनोविकार असं लिहिलेल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो तेव्हा आम्ही ओढणी तोंडावर ओढून घेतली. आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीची आई पाहील म्हणून. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते झालं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. लातूरकडची बोली. त्यांनी अम्मीशी अर्धा तास मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा मारल्या. आजार कळला होता, पण नाडी फार मंद आणि बीपी फारच खाली होतं, ते त्यांना जुळेना. त्यांनी विचारलं, "अजून काही औषध घेता का? आयुर्वेदिक, युनानी, घरगुती?" आम्ही 'नाही' म्हणालो. का म्हणालो? डॉक्टर रागावतील म्हणून. आपल्या औषधाला हसतील म्हणून. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी पुन्हा विचारलं. "खरं सांगा टीचर. झाडपाल्याचं काहीही असलं तरी." मग पर्समधून चिठ्ठी निघाली.

आणि तिथे एक विचित्र दृश्य झालं. चिठ्ठी त्यांना वाचता येईना, आणि आम्हाला वाचता येत होती तरी कळेना. आम्ही मोठ्यानं वाचलं, "असरौल." त्या म्हणाल्या, "म्हणजे काय?" आम्ही म्हणालो, "माहीत नाही." आमची एक शाळासोबतीण पुण्याहून बीयूएमएस झाली आहे. तिला तिथूनच फोन लावला. ती एका श्वासात म्हणाली, "असरौल? छोटी चंदन. सर्पगंधा. क्यूँ, किसकू दी?"

आम्ही 'सर्पगंधा' म्हटलं आणि डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

सर्पगंधेचा किस्सा त्यांनी त्या दिवशी थोडा सांगितला, पुढचा आम्ही मैत्रिणीकडून आणि वाचून गोळा केला. तो इथे सांगितलाच पाहिजे, कारण तो आपलाच आहे. या झाडाचं मूळ हिंदुस्थानात पिढ्यान्‌पिढ्या वेडावर आणि निद्रानाशावर दिलं जात असे. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी या मुळातली द्रव्यं वेगळी केली. १९३१ मध्ये ते काम छापून आलं, आणि एका द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन असं नाव दिलं. त्याच साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे मूळ उपयोगी पडतं असं लिहिलं. मग आपल्या मुंबईतले डॉक्टर रुस्तम जाल वकील. त्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधा वापरून १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगावरील नियतकालिकात लेख लिहिला आणि सगळ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन शुद्ध रूपात हाती आलं. वकीलसाहेबांना पुढे १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कारही मिळाला.

आणि मग उलटी बाजू दिसायला लागली. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही लोक हळूहळू मलूल व्हायला लागले. कशातच मन लागेना, काहींना मरावंसं वाटायला लागलं. शोध घेतला तेव्हा दिसलं की मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनलिन अशी जी द्रव्यं कुप्यांत भरून ठेवतात, त्या कुप्या रिसर्पिन रिकाम्या करतं. यावरूनच शास्त्रज्ञांना वाटलं की ही द्रव्यं कमी पडणं हेच उदासीचं मूळ असेल, आणि ती टिकवून धरणाऱ्या औषधांचा विचार जोमानं सुरू झाला. नंतरचे अभ्यास म्हणतात की गोष्ट इतकी सरळ नाही, रिसर्पिन घेणारा प्रत्येक जण उदास होत नाही. तरी ज्याला आधीच उदासीनं गाठलं आहे त्याला ते देऊ नये, ही ताकीद कायम आहे. सर्पगंधेनं चोंदलेलं नाक आणि मंद नाडी तर वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठच असते.

म्हणजे बीपीची गोळी एकीकडून आणि असरौल दुसरीकडून, दोघी मिळून अम्मीचा रक्तदाब खाली ओढत होत्या. आणि जी कुपी आधीच अर्धी होती ती आम्ही रोज दोनदा स्वतःच्या हातानं उपडी करत होतो. पाण्याबरोबर. बिस्मिल्ला म्हणून.

त्या म्हाताऱ्या दुकानदारांना दोष द्यावासा वाटत नाही. झोप येईल म्हणाले, आली. बीपी उतरेल म्हणाले, उतरलं. त्यांनी विचारलेले प्रश्न बरोबरच होते, फक्त एक प्रश्न कमी पडला. जुना हकीम नब्जवर बोटं ठेवून बराच वेळ बसायचा आणि झोप, भूक, स्वप्नं, भीती, घरात कोण गेलं, कोण आलं, सगळं विचारायचा, असं नानी सांगायची. आम्ही त्याच्या खणातली मुळी तेवढी आणली.

पूड त्या दिवशी बंद झाली. नाक आठवड्याभरात मोकळं झालं. बीपीची गोळी बदलली. उदासीची गोळी सुरू झाली, रोज सकाळी एक. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं की तीन-चार आठवडे फारसं काही वाटणार नाही, उलट पोट बिघडेल, तरी सोडायची नाही. त्या दिवसांत अम्मीला एकटं ठेवायचं नाही आणि घरातली सगळी औषधं कुलपात ठेवायची, हेही सांगितलं. आम्ही दोघी बहिणी आणि भावजय आळीपाळीनं तिच्याजवळ झोपलो. पाचव्या आठवड्यात एका सकाळी अम्मीनं विचारलं, "आज क्या पकारे?" बस, एवढंच. भावजय स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पण या लेखाचं नाव गावजबान आहे, तेव्हा तिला मध्येच सोडता येणार नाही. अम्मी जरा बरी झाल्यावर आम्ही डॉक्टरबाईंना धीर करून विचारलं, "मग आमच्या सगळ्या जडीबुटी खोट्या का?" आम्हाला वाटलं, त्या हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "नाही हो. केशराचं बघा." आणि पुढच्या वेळी त्यांनी काही निबंधांची छापील पानंच आणून दिली.

तेहरानमध्ये शाहीन अखुंदजादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं आहे. २००५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात चाळीस रोग्यांना सहा आठवडे ठेवलं. निम्म्यांना रोज तीस मिलिग्रॅम केशराचा अर्क, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल. केशरवाल्यांना स्पष्ट फरक पडला. त्याच सुमारास दुसऱ्या लहान प्रयोगांत केशर फ्लुओक्सेटिन आणि इमिप्रामिन या उदासीच्या नेहमीच्या गोळ्यांच्या बरोबरीनं उतरलं. त्यानंतर असे बरेच प्रयोग झाले आणि सगळे एकत्र तपासणाऱ्यांनीही केशर रिकाम्या गोळीपेक्षा सरस आहे असंच म्हटलं. पण प्रयोग लहान, मुदत थोडी, बहुतेक एकाच देशातले, आणि रोगी सौम्य ते मध्यम उदासीचे. ज्याला जगणं नको झालं आहे अशा माणसावर ते करून पाहिलेले नाहीत. अम्मी त्या पहाटे ज्या ठिकाणी होती तिथे केशर पुरं पडलं नसतं.

गावजबानचा प्रयोगही इराणचाच, २००६ चा. पस्तीस रोगी, सहा आठवडे, रोज ३७५ मिलिग्रॅम अर्क. चौथ्या आठवड्यात गावजबानवाले पुढे होते. सहाव्या आठवड्यातही पुढे होते, पण इतके थोडे की तो योगायोगही असू शकेल. म्हणजे नानी अगदीच चुकत नव्हती. मात्र इथे एक मेख आहे. इराणची गुल-ए-गावजबान म्हणजे एकियम अमीनम नावाचं झाड. आपल्या दुकानांत गावजबान म्हणून बहुधा ओनोस्मा ब्रॅक्टिएटम मिळते, ती हिमालयाच्या बाजूची. युरोपात बैलाची जीभ म्हणून बोरॅगो घेतात. नाव एक, झाडं तीन. इराणचा प्रयोग सोलापूरच्या पुडीला जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींत यकृताला बाधणारी द्रव्यं असतात, म्हणून वर्षानुवर्षं खाणं बरं नाही.

आणि केशराचं म्हणाल तर आपण सोलापूरकर. आपल्या जिल्ह्यात रब्बीला करडई होते. करडईच्या फुलाच्या वाळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या हीच केशरातली जगभरची जुनी भेसळ. स्वस्तात केशर मिळालं म्हणून आनंदणाऱ्यानं आधी शेताकडे बघावं.

मैत्रिणीनं पुण्याहून आणखी एक गोष्ट सांगितली. बल्खचे अबू जैद अल-बल्खी, ९३४ साली वारले. त्यांनी 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' नावाची किताब लिहिली, शरीर आणि मन दोन्हींच्या सांभाळावर. त्यात दुःखाचे दोन प्रकार केले आहेत. एक, ज्याचं कारण माणसाला ठाऊक असतं. त्यावर बोलणं, समजावणं, सोबत. दुसरं, ज्याचं कारण माणसाला सांगता येत नाही. त्याचं मूळ शरीरात असतं आणि त्याला शरीराचा इलाज लागतो. हजार वर्षांहून जुनी गोष्ट. अम्मीचं दुःख पहिल्या प्रकारात सुरू झालं आणि कधीतरी, आमचं लक्ष नसताना, दुसऱ्यात गेलं. आमच्या बी.एड.च्या पुस्तकात फ्रॉइड होते, मास्लो होते. बल्खी नव्हते. मदरशातही नव्हते, हेही सांगायला हवं.

शाळा पुन्हा भरायला लागल्यावर एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही हे सगळं सांगून टाकलं. ज्या बाईंना दुकानाचा पत्ता दिला होता त्यांना तर सांगणं भागच होतं. सांगून झालं, कुणी बोलेना. मग एका बाजींनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. तीच गोळी. दोन वर्षांपासून घेतात. नवऱ्यालाही व्हिटॅमिनची आहे म्हणून सांगितलं आहे. थोड्या वेळानं दुसऱ्या बाई म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंना. मग शिपाईकाका, जे दारात उभे होते, म्हणाले की त्यांचा भाऊ माग बंद पडल्यावर असाच बसून असायचा, आणि त्याला कुणी कुठे नेलं नाही. तो आता नाही. त्यापुढे ते काही बोलले नाहीत, घंटा द्यायला गेले.

आता सरकारची टेली मानस नावाची फोनसेवा आहे, २०२२ पासून. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आम्ही तो नंबर स्टाफरूमच्या कपाटावर उर्दू आकड्यांत आणि मराठी आकड्यांत लिहून चिकटवला आहे. कुणी फोन करतं की नाही हे आम्ही विचारत नाही.

अम्मीची गोळी वर्षभरानंतर डॉक्टरबाईंनी हळूहळू कमी केली आणि बंद केली. पुढच्या एका हिवाळ्यात पुन्हा सुरू करावी लागली. पहाटेची जाग परत आली होती. या वेळी अम्मीनंच सांगितलं, "ले चलो मेरेकू, वो लातूरवाली के पास." त्या बदलून गेल्या होत्या, दुसरे डॉक्टर होते. अम्मीला ते तितके आवडले नाहीत. पण त्यांना तिनं पहिल्याच भेटीत आपण काय काय खातो याची यादी सांगितली. गोळ्या सांगितल्या, मेथीचं पाणी सांगितलं, आणि तलबीनाही.

तलबीना आम्हीच सुरू केला. जवाचं पीठ दुधात शिजवून, साखरेमुळे मध टाळून. आजारी माणसाला आणि ज्याच्या घरी मौत झाली आहे त्याला तो द्यावा, त्यानं दिलाला आराम पडतो आणि काही दुःख हलकं होतं, असं हजरत आयेशांच्या रिवायतीत आहे. 'काही' या शब्दावर आम्ही फार वेळ थांबतो. अम्मी सकाळी वाटीभर खाते, वर गोळी घेते, दोन्हीला बिस्मिल्ला म्हणते.

खमीऱ्याची निळ्या झाकणाची बरणी घासून घेतली. कोनाड्यात तिच्यात आता शेंगा चटणी असते. परवा भाऊ म्हणाला, तिखट जास्त झालं आहे. अम्मी म्हणाली, "खाना तो खा, नै तो छोड."